भोईवाड्याहून भंडारदरा: दोन रात्रींची सवड काढा

परळ-भोईवाड्यात पाळीवर काम करणारा माणूस घरोघरी सापडतो. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं पायी अंतरावर आहेत, रेल्वेचं वर्कशॉप हाकेवर आहे. कुणी वॉर्डात असतं, कुणी लॅबमध्ये, कुणी फाटकासमोरच्या औषधांच्या दुकानात. यांची सुट्टी रविवारी क्वचितच येते. मंगळवारी येते, गुरुवारी येते. त्या दिवशी मुलांची शाळा असते, नातेवाईक कामावर असतात, आणि सुट्टी कपडे धुण्यात आणि झोपण्यात संपून जाते. याच माणसांसाठी हा लेख आहे. भंडारदऱ्याचा तलाव पाहायचा असेल, तर आठवड्याच्या मधल्या दोन सुट्ट्या जोडून मिळणं याहून चांगली तयारी दुसरी नाही.

असं ठामपणे म्हणतो, कारण रविवारचं भंडारदरा मी पाहिलं आहे. जुलैतला रविवार होता. घोटी सोडल्यापासून गाडीमागे गाडी, धबधब्यांखाली मोठ्याने वाजणारी गाणी, रस्त्याच्या कडेला फुटलेल्या बाटल्या. तलावाकाठी पोहोचलो तेव्हा परतायची वेळ झाली होती. दोन वर्षांनी एका बुधवारी पुन्हा गेलो. त्या दिवशी पाण्यावरून एक खंड्या सूर मारून गेला, त्याचा आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू आला. जागा तीच होती, ऋतूही तोच होता.

भंडारदरा म्हणजे अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ पट्टा, अहिल्यानगर जिल्ह्याचं टोक. स्थानिक लोक या भागाला डांगाण म्हणतात. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा नदी इथे दगडी भिंतीने अडवली आहे. काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ च्या डिसेंबरात पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून जुन्या नकाशांत धरणाचं नाव विल्सन डॅम दिसतं, आणि जलाशयाचं आर्थर लेक. गावात कुणी ती वापरत नाही. २०२६ मध्ये या भिंतीला १०० वर्षं पूर्ण होतात. उंची सुमारे २७० फूट. १९६९ साली तिला तडे गेले होते, तेव्हा खालच्या अंगाला जाडजूड आधार देऊन ती मजबूत करण्यात आली. ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट पाणी तिच्यामागे मावतं, म्हणजे आपल्या तानसा तलावाच्या दुपटीहून जास्त. हे पाणी मात्र मुंबईला येत नाही. ते पूर्वेकडे अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शेतांना जातं. प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्यावरच्या उसावर. पुढे ही नदी नेवाशाजवळून जाते आणि गोदावरीला मिळते. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं प्रवरेच्याच काठी आहे. आपल्या चाळींत ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं, तिच्याशी जोडलेल्या नदीचा पहिला झरा कुठे आहे ते पाहायला जाणं, हेही प्रवासाचं एक चांगलं कारण होऊ शकतं.

जायचं कसं

भोईवाड्याहून चालत किंवा टॅक्सीने दादर गाठा आणि पहाटेची कसारा लोकल पकडा. सव्वादोन-अडीच तासांत कसारा येतं. लोकल तिथेच संपते, पुढे थळ घाट लागतो. कसारा स्टेशनबाहेर घोटीकडे जाणाऱ्या जीपगाड्या उभ्या असतात. कळसूबाईला जाणारे ट्रेकर वर्षानुवर्षं याच गाड्यांनी जात आले आहेत. पाच-सहा जणांचा गट असेल तर अख्खी जीप शेंडीपर्यंत ठरवणं परवडतं. शेंडी हे धरणालगतचं गाव, उतरायचं तिथेच. ज्यांना जीपची दाटी नको असेल त्यांनी इगतपुरीला थांबणारी एखादी सकाळची एक्स्प्रेस बघावी आणि तिथून घोटीमार्गे पुढे जावं. गाड्यांच्या वेळा आणि थांबे बदलत असतात, त्यामुळे आदल्या रात्री तपासून घ्या. घोटीहून शेंडी तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. या वाटेवर एस.टी. धावते, आणि महिलांना निम्मं तिकीट, ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास या सवलती इथेही लागू आहेत. आजी-आजोबांना नेणार असाल तर आधारकार्ड बरोबर ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर अंतर साधारण पावणेदोनशे किलोमीटर. भिवंडीजवळच्या आमणेपासून इगतपुरीपर्यंतचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हापासून कसारा घाटाचा त्रास टळतो. पण समृद्धीवर दुचाकींना परवानगी नाही. बाइकवाल्यांनी जुन्या नाशिक रस्त्यानेच जावं आणि पावसात घाटात उतावीळ होऊ नये. पेट्रोल घोटीला भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा, कारण तलावाच्या पलीकडच्या वाड्यांत मोबाइलची रेंज येते-जाते आणि ऑनलाइन पैसे अडकतात.

गाडी ठाण्याला थांबेल तेव्हा एक गोष्ट मनात असू द्या. इंग्रजांविरुद्ध उभे राहिलेले महादेव कोळी समाजाचे राघोजी भांगरे याच डांगाणातले, देवगावचे. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ज्या मुलखात तुम्ही चालला आहात तिथल्या घराघरांत हे नाव घेतलं जातं. तिथे कुणी ते उच्चारलं तर आपल्याला ते ठाऊक असावं, एवढं तरी पाहुण्याने करावं.

आधी ऋतू ठरवा

लोक विचारतात, भंडारदऱ्याला कधी जाऊ? मी त्यांना उलट विचारतो, तुम्हाला काय बघायचंय? कारण वर्षभरात हा मुलूख तीन-चार वेळा संपूर्ण बदलतो, आणि एका ऋतूची अपेक्षा घेऊन दुसऱ्या ऋतूत गेलेला माणूस निराश होऊन परततो.

मे महिन्याच्या शेवटी तलावाचं पाणी खूप खाली गेलेलं असतं. खालच्या शेतांसाठी आवर्तनं सुटतात, काठ उघडा पडतो, तडे गेलेली जमीन दिसते. ज्यांनी फोटोत भरलेला तलाव पाहिला आहे त्यांना हे दृश्य आवडत नाही. पण याच दिवसांत, पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की, काजवे येतात. मेअखेर ते जूनचा मध्य, जोराचा पाऊस लागेपर्यंतचे हे दोन-तीन आठवडे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री आठनंतर लुकलुकायला लागतात. कधी एका झाडावरचे सगळे काजवे एका लयीत पेटतात आणि विझतात. तो क्षण पाहिल्यावर माझ्याबरोबरची शाळकरी भाची कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

काजव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या जाण्याने त्यांचं नुकसान होतं आहे. उडणारे, चमकणारे असतात ते बहुतेक नर. माद्या जमिनीलगत गवतात, झुडपांवर बसून उत्तर देतात. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम एक-दोन आठवड्यांचं, आणि त्यात त्याचं एकच काम असतं, जोडीदार शोधणं. तुमच्या गाडीचा दिवा, मोबाइलची बॅटरी, कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की तो इशारा हरवतो. झाडाखाली शिरलात तर माद्या पायाखाली चिरडतात. म्हणून गाडी रस्त्यावर उभी करा, दिवे पूर्ण बंद करा, झाडापासून दूर उभे राहा आणि दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. बाटलीत काजवा धरून मुलाच्या हातात देऊ नका. फोटो काढायचा मोह सोडा; मोबाइलमध्ये तो येत नाही. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे काजव्यांच्या दिवसांत वनखातं रात्रीच्या प्रवेशाच्या वेळा ठरवतं, नाक्यावर शुल्क घेतं. ती पावती आनंदाने फाडा. आणि हा एक काळ असा आहे की शनिवार-रविवारी अजिबात जाऊ नये. मधल्या वारी जा.

पाऊस मुंबईच्या दुपटीने पडतो. घाटघर आणि रतनवाडी ही महाराष्ट्रातल्या सर्वांत ओल्या गावांपैकी आहेत. जुलैत दिवसचे दिवस ढग खाली उतरून बसतात आणि तलाव समोर असूनही दिसत नाही. हे ज्यांना चालत असेल त्यांनीच जुलैत जावं. ज्यांना धुक्यात भिजत उभं राहणं, चिखलातली भाताची आवणी बघणं, चुलीजवळ बसून चहा घेणं यातच आनंद वाटतो, त्यांच्यासाठी तो महिना अमूल्य आहे. धरण बहुतेक वर्षी १५ ऑगस्टच्या आसपास भरतं. भरल्यावर सांडवा वाहू लागतो, आणि तेव्हाच रंधा धबधबा त्याच्या खऱ्या रूपात दिसतो. शेंडीपासून दहा-बारा किलोमीटरवर प्रवरा १७० फूट खाली कोसळते, तो रंधा. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे. धरणातून पाणी सुटलं नसेल तर तिथे फारसं काही नसतं, म्हणून हॉटेलात किंवा गावात आधी विचारा. धरणाच्या पायथ्याच्या बागेतल्या छत्रीसारख्या धबधब्याचंही तसंच आहे.

माझा स्वतःचा आवडता काळ गणपती गेल्यानंतरचा. आपल्या भागात लालबाग-परळची गर्दी ओसरलेली असते, सगळे थकलेले असतात. तिकडे पाऊस मागे फिरलेला, तलाव काठोकाठ भरलेला, आणि डोंगरउतारांवर सोनकीची पिवळी फुलं. तेरडा, जांभळी मंजिरी आणि ज्या वर्षी कारवीचा बहर असेल त्या वर्षी अख्खे उतार जांभळे. नवरात्रात कळसूबाईच्या माथ्यावर दर्शनाला गावोगावची माणसं चढतात. त्यांच्याबरोबर चढणं आणि एरवी ट्रेकर म्हणून चढणं यात फार फरक आहे.

डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते, हवा स्वच्छ असते आणि रात्री आकाशात इतके तारे दिसतात की मुंबईच्या मुलांना ते ओळखीचं आकाश वाटत नाही. सांदण दरीत उतरायचं तर तेही याच कोरड्या दिवसांत.

पाण्याभोवतीची फेरी

तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे आणि परत शेंडी अशी साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची फेरी होते. बरेच लोक ती तीन तासांत उरकतात. तुम्ही तिला पूर्ण दिवस द्या. सकाळी सात-साडेसातला निघा, स्थानिक जीपवाला घ्या. त्याला रस्त्यातले खड्डे माहीत असतात, कुठे दरड येते ते माहीत असतं, आणि दुपारचं जेवण कुणाच्या घरी चांगलं मिळेल हेही माहीत असतं.

रतनवाडीला भरपूर वेळ काढा. गावात अमृतेश्वराचं मंदिर आहे, साधारण हजार वर्षांचं, काळ्या पाषाणातलं. शिलाहार राजा झंझ याने सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमांजवळ १२ शिवालयं बांधली अशी परंपरा सांगतात, त्यांतलं हे एक. शिखर भूमिज पद्धतीचं आहे. म्हणजे मोठ्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा खालून वर निमुळत्या होत गेलेल्या. दुरून ते एकसंध वाटतं, जवळ गेल्यावर हाताएवढी शिखरं एकेक करून मोजता येतात. आतल्या खांबांवर बैठका, वेली, यक्ष, कीर्तिमुखं कोरली आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत आत थांबा, मग छतावरची नक्षी दिसू लागते. ऐन पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी पाण्याखाली जाते. मंदिरापासून जवळच चौकोनी पुष्करणी आहे, तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांमध्ये मूर्ती आहेत. पुष्करणीत पाय धुवू नका, साबण लावून तर मुळीच नाही. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने जपलेली ही वास्तू आहे, आणि गावासाठी ती रोजच्या पूजेची जागा आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते.

मंदिरामागे रतनगड दिसतो. माथ्यावर कड्याला आरपार भोक पडलेलं आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईच्या भोकाला म्हणतात तसं. चढाई तीन तासांच्या आसपास आहे आणि शेवटी लोखंडी शिड्या आहेत. गुडघे चांगले असतील आणि पाऊस नसेल तरच चढा, गावातला वाटाड्या बरोबर घ्या. वाट जंगलातली आहे आणि फाटे फसवे आहेत. गडावर गुहेत रत्नाबाई देवीचं ठाणं आहे. ज्यांना चढायचं नाही त्यांनी मंदिराच्या ओट्यावर बसून नेढ्याकडे बघत राहावं. माझ्या आईने ते दोन तास केलं आणि अजून ती त्याच दोन तासांबद्दल बोलते.

पुढे साम्रद. गावाच्या मागे जमीन फाटल्यासारखी सांदण दरी आहे. दोन्ही बाजूंनी उंच कातळभिंती आणि मधे जेमतेम वाट. थोडं आत, पहिल्या पाण्याच्या कुंडापर्यंत जाऊन परत येणं धडधाकट माणसाला जमतं. त्यापुढे दोर लागतो, अनुभवी गट लागतो. पावसाळ्यात आणि अवकाळी ढग दिसत असतानाही या दरीत पाऊल टाकू नका. वर डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत दरीत लोंढा होऊन येतो आणि बाजूला सरकायला जागा नसते. गावकरी नको म्हणाले तर वाद न घालता माघारी फिरा.

घाटघरला सह्याद्री संपतो. कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली सरळ ठाणे जिल्हा, डावीकडे-उजवीकडे अलंग, मदन, कुलंग आणि आजोबाचा डोंगर. गाडीपासून फार चालावं लागत नाही, त्यामुळे वयस्कर माणसांनाही इथवर नेता येतं. कठड्याच्या आतच राहा, धुकं असेल तर लहान मुलांचा हात सोडू नका. इथेच घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. रात्री वीज शिल्लक असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि विजेची गरज वाढली की तेच पाणी कोकणात सोडून वीज तयार करतात. मुलांना हे तिथेच उभं राहून समजावलं तर लक्षात राहतं.

कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, याच भागात आहे. पण ते या फेरीत कोंबू नका. बारी गावातून चढायला तीन-चार तास, उतरायला अडीच, अवघड जागी लोखंडी शिड्या. ती वेगळी सहल आहे आणि तिला वेगळा दिवस द्यावा. बारीची माणसं देवीची गोष्ट सांगतात. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एके दिवशी पाहुणे आले तेव्हा तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली, अट मोडली म्हणून घर सोडलं आणि डोंगरावर निघून गेली. राज्यातल्या सर्वांत उंच जागी अशा मुलीचं देऊळ आहे. घरकामाला येणाऱ्या बायकांशी आपण कसे वागतो, हा प्रश्न मला दरवेळी त्या शिड्यांवर पडतो.

राहणं, खाणं, वागणं

शेंडीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे, खासगी हॉटेलं आहेत, तलावाकाठी तंबूंच्या जागाही पुष्कळ आहेत. तंबू ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा. संडास किती अंतरावर आहे आणि रात्री तिथे दिवा असतो का? गाणी किती वाजता बंद करता? जेवण कोण बनवतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "गावातल्या बाया" असं आलं तर ती जागा निवडा. तुमचे पैसे गावात राहतील आणि जेवणही चांगलं मिळेल. माझा कल मात्र घरगुती मुक्कामाकडे आहे. शेणाने सारवलेल्या पडवीत झोपलं, पहाटे कोंबडा आरवला, चुलीचा धूर आला, की दोन दिवसांत अंगातला रात्रपाळीचा शीण जातो.

जेवायला तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, हुलग्याचं शेंगोळं, पावसात करटुली, कुरडू, टाकळा अशा रानभाज्या. मांसाहारी असाल तर गावठी कोंबडी सकाळीच सांगून ठेवा. इथला काळभात जरूर खा, आणि मिळाला तर दोन किलो तांदूळ घरी न्या. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी जपली, त्यासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. शेंडीहून अकोल्याच्या दिशेला राजूर लागतं. तिथले पेढे प्रसिद्ध आहेत. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची डांगी जनावरं इथली खास. त्यांच्या कातडीवरचं तेल पावसाचं पाणी अंगात मुरू देत नाही. हिवाळ्यात राजूरला त्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तब्येत बिघडली तर जवळचं सरकारी ग्रामीण रुग्णालयही राजूरलाच आहे, हे लक्षात ठेवा.

आता पाण्याबद्दल. तलावात पोहू नका. वरून शांत दिसतो, पण काठ एकाएकी खोल होतो आणि तळाशी गाळ आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना दादर चौपाटीच्या गुडघाभर पाण्याचीच सवय असते. नावेत बसणार असाल तर जाकीट मागून घ्या, नसेल तर नावेत बसू नका. रात्री पायवाटेने जाताना बॅटरी हवीच, सकाळी बूट झटकून घाला. दारू या अभयारण्यात आणू नका. काच फुटते, ती जनावरांच्या आणि अनवाणी पोरांच्या पायांत जाते, त्यांना टाके घालायला राजूरपर्यंत जावं लागतं. प्लास्टिक पिशवीत भरून परळला परत आणा. तिकडच्या गावांत कचऱ्याची गाडी रोज येत नाही.

इथली बहुतेक वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बाईचा फोटो काढायचा तर आधी "मावशी, काढू का?" असं विचारा, आणि नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवा. मुलांना चॉकलेटं वाटू नका. त्यांना गाड्यांमागे धावायची सवय लागते. द्यायचंच असेल तर वह्या, रंगपेट्या शाळेतल्या गुरुजींच्या हाती द्या. करवंदं, जांभळं विकणाऱ्या पोरीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. या तलावासाठी याच लोकांच्या पूर्वजांची भातखाचरं पाण्याखाली गेली, आणि उन्हाळ्यात काठावरच्या कित्येक वाड्यांत बायका आजही पाण्यासाठी पायपीट करतात. समोर एवढा जलाशय असताना हे असं आहे, आणि पाहुण्याने अंघोळीला दोन बादल्या मागताना ते ध्यानात ठेवावं.

दोन रात्रींचा हिशोब असा जमतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत शेंडी गाठा, जेवून झोप काढा, संध्याकाळी धरणाच्या बागेत आणि काठावर बसा. दुसरा दिवस पूर्ण फेरीला. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून तलावावरून धुकं वर उठताना पाहा, मग पाणी असेल तर रंधा, राजूरचे पेढे आणि दुपारी बारा-एकपर्यंत परतीची गाडी. उशीर करू नका. संध्याकाळनंतर घोटीकडे जाणारी वाहनं विरळ होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असेल तर रात्री अकराला कसाऱ्यात अडकणं परवडणार नाही.

पुढच्या महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक लागायच्या आधीच इन्चार्जना सांगून दोन सुट्ट्या जोडून मागा, आणि त्यांच्या पुढे-मागे एखादी रजा टाका. बरोबर घरातल्या त्या माणसाला घ्या, जो कित्येक वर्षांत भोईवाड्याबाहेर फक्त लग्नाला गेला आहे.